मार्लीसच्या हातून सुटलेलं रीळ

मार्लीस हेरफुर्टच्या हातून कधी काही पडत नाही, हे आमच्या संस्थेत नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कळायचं, कारण ती स्वतःच सांगायची. नव्या पोराच्या हातातला चिमटा काढून घ्यायची, तो कसा धरायचा ते दाखवायची आणि वर म्हणायची, "माझ्या हातून आजवर काही पडलेलं नाही." ऐकून ऐकून आमचे कान किटले होते. मी तिला म्हणायचो, "बाई, एकदा मुद्दाम काहीतरी पाड आणि मोकळी हो." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं, "तुझ्या वर्कशॉपात रोज पडतंय, तेवढं पुरे आहे संस्थेला."

मी लुट्झ. तळमजल्यावर लेथ चालवतो. वरच्या मजल्यावर लेझरवाले बसतात. त्यांना जे काही धातूचं लागतं ते मी करून देतो आणि ते बहुतेक वेळा आभार मानायला विसरतात. मार्लीस कधी विसरली नाही. आम्ही दोघंही इथले, येना गावचेच; एका शाळेत होतो, ती एक वर्ष पुढे. त्यामुळे इतर तिला अदबीनं फ्राऊ हेरफुर्ट म्हणत असले तरी मी 'मार्लीस' म्हणायचो आणि ती मला जमेल तेव्हा टोमणा मारायची. सकाळी नऊच्या न्याहारीला ती माझ्या वर्कशॉपात यायची. मी पावावर कच्चा खिमा आणि कांदा घेऊन बसलेला असायचो, ती नाक मुरडत खिडकी उघडायची आणि मग माझ्यासमोरच बसायची.

तिचं काम केसाएवढ्या जाडीच्या काचेच्या धाग्याचं. धाग्यावरचं आवरण सोलायचं, टोक असं तोडायचं की आरशासारखं सपाट यावं, दोन टोकं वितळवून एकजीव करायची, आणि मग तो सगळा धागा ॲल्युमिनियमच्या रिळावर, खाचेखाचेतून, जराही पीळ न पडू देता गुंडाळायचा. या धाग्यात लेझरचा उजेड वाढत जातो. त्या उजेडानं जाड पत्रा लोण्यासारखा कापता येतो. ऐकायला सोपं वाटतं. पण टोकावर धुळीचा एक कण राहिला तर सगळा धागा फटाक्याच्या वातीसारखा जळत जातो. मार्लीसने सांधलेला धागा मात्र जळत नसे. तिचा ताठा काही उगाच नव्हता, हे मी कबूल करतो. तिला तोंडावर कधी सांगितलं नाही, ती गोष्ट वेगळी.

त्या ताठ्याच्या मुळाशी काय होतं ते मला ठाऊक होतं, कारण तेव्हा मीही तिथेच होतो. शाळा संपल्यावर आम्ही दोघं गावातल्याच एका भिंगाच्या कारखान्यात लागलो. ती भिंगं घासायला, मी यंत्रांवर. मग बर्लिनची भिंत पडली, पश्चिम जर्मनीचा माल आला, आणि कारखान्याला एवढी माणसं नको झाली. फोरमन रोज सकाळी दालनातून फिरायचा आणि कोणाच्या तरी टेबलाशी थांबायचा. मार्लीसच्या शेजारी कारोला नावाची बाई बसायची, हाताला तिच्याइतकीच चांगली. एकदा कारोलाच्या हातून भिंगांचं अख्खं तबक खाली गेलं. त्याच आठवड्यात फोरमन तिच्या टेबलाशी थांबला. तो तबकामुळेच थांबला की यादीत तिचं नाव आधीपासून होतं, कोण सांगणार? पण मार्लीसने मनाशी पक्कं धरलं: पडलं की गेलं. कारोला पश्चिमेला कुठल्याशा वृद्धाश्रमात कामाला लागली. मार्लीस राहिली, पुढे या संस्थेत आली, आणि तिच्या हातून काही पडायचं बंद झालं.

आता यान्निकबद्दल सांगतो. यान्निक ओल्टमन्स, उत्तरेकडचा, समुद्रकाठचा पोरगा, दारातून वाकून यावं लागेल इतका उंच. प्रबंधासाठी आमच्याकडे आलेला. त्यांच्याकडची माणसं चहावर जगतात, आम्ही कॉफीवर. पहिल्याच दिवशी त्यानं प्रयोगशाळेबाहेरच्या ओट्यावर स्वतःची किटली, खडीसाखर आणि सायीची बाटली मांडली. मार्लीसनं विचारलं, "आजारी आहेस का रे?" तो म्हणाला, "नाही, ओस्टफ्रीसलँडचा आहे." तेव्हापासून त्या दोघांचं जमलं.

त्याचं नशीब मात्र जमत नव्हतं. सगळे लेझरवाले एकाच कात्रीत सापडलेले असतात, तोही सापडला होता. धाग्याचा गाभा बारीक ठेवला तर उजेड इतका दाटीवाटीनं जातो की काच आतल्या आत गुणगुणायला लागते आणि उजेडाला उलट्या पावली मागे ढकलते. गाभा जाड ठेवला तर दाटी होत नाही, पण शक्ती वाढवली की काच तापते, वाट बिघडते, आणि उजेड मधली वाट सोडून कडेनं पळायला लागतो. मग झोत थरथरतो. पडद्यावर छान गोल ठिपका असतो, तो एकदम दारुड्यासारखा झोकांड्या खायला लागतो. एकदा थरथर सुरू झाली की वर जाण्यात अर्थ नसतो. यान्निकनं काचेतलं मिश्रणच बदलायचं ठरवलं होतं, म्हणजे ती कमी तापेल आणि थरथर उशिरा येईल. तीन वेळा नवी काच वितळवून धागा ओढून झाला आणि तिन्ही वेळा झोत जिथे थरथरायचा तिथेच थरथरला. पोरगं रडकुंडीला आलं होतं. चौथा धागा शेवटचा, असं प्रोफेसर क्रेट्शमार यांनी बजावलं होतं.

तो चौथा धागा गुंडाळायच्या तयारीत मार्लीसच्या हातून रीळ पडलं.

शुक्रवारची दुपार होती, खोलीत ती एकटी. धागा अजून गुंडाळायचा होता, नुसतंच मोठं रीळ पुसून ती टेबलाकडे नेत होती. हातमोजा ओला होता का, लक्ष कुठे गेलं, तिला पुढेही सांगता आलं नाही. रीळ फरशीवर आपटलं, काठ ठेचला गेला आणि खाचेवर बारीक कुसळासारखं टोक उभं राहिलं. अशा खाचेत काचेचा धागा बसवायचा म्हणजे तो तोडायचाच. उपाय सोपा होता: रीळ माझ्याकडे आणायचं, मी सोमवारी घासून दिलं असतं. पण मी विचारलं असतं, "काय झालं?" आणि मग महिनाभर तिला सोडलं नसतं. ते तिला माहीत होतं आणि मलाही माहीत आहे.

तिनं रीळ एका जुन्या कोटात गुंडाळून तळमजल्यावरच्या आपल्या कपाटात मागे सरकवलं. मागच्या कुठल्याशा कामाचं एक लहान रीळ पडून होतं, त्यावर यान्निकचा धागा गुंडाळला. नुसती तयारी झाली असं दिसावं आणि सोमवारी त्याला सांगून हवं तर पुन्हा करावं, असा तिचा विचार. धागा पाण्यानं थंड होणाऱ्या काळ्या पेटीत गेला, वर झाकण बसलं. या पेट्यांचं झाकण उगाच कोणी उघडत नाही, भटकलेला उजेड डोळ्यांत गेला तर डोळा जातो. आत काय आहे ते गुंडाळणारा सांगेल तेच.

लहान रिळावर धागा जास्त वाकतो. जास्त वाकला की कडेनं पळणारा उजेड वळणावर बाहेर सांडतो, मध्ये चालणारा तेवढा राहतो, आणि थरथर उशिरा येते. काच कुठलीही असो. हे इथल्या सगळ्यांना पाठ आहे. म्हणून तर दरवेळी एकाच मापाच्या रिळावर गुंडाळून तुलना करायची शिस्त आहे.

सोमवारी मार्लीसची बस धुक्यामुळे उशिरा आली. ती जिन्यापाशी पोचली तर वर आरडाओरडा. यान्निकनं पहाटेच येऊन लेझर चालू केला होता. जिथे दरवेळी थरथर यायची ती जागा ओलांडून झोत सरळ वर गेला होता. पोरगं दालनात नाचत होतं. मला खालून बोलावून घेतलं, कुणीतरी न्याहारीच्या कपांत वाइन ओतली. प्रोफेसर आले, पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. ते घाईनं आनंद मानणारे नव्हेत.

"बाकी काय बदललंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," यान्निक म्हणाला. "फक्त काच."

प्रोफेसरांनी दारात उभ्या मार्लीसकडे पाहिलं. तिच्या अंगावर अजून कोट होता. "फ्राऊ हेरफुर्ट, गुंडाळणी तीच ना?"

"तीच," ती म्हणाली.

हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. सगळे तिच्याकडे हसून बघत होते, यान्निकनं तर तिला उचलून गर्रकन फिरवलं. तिच्या तोंडून 'थांबा, माझ्या हातून रीळ पडलं' हे त्या घटकेला निघालं नाही. आणि त्या घटकेला निघालं नाही ते पुढे रोज जास्त अवघड होत गेलं.

त्यानंतर गाडी सुसाट निघाली. यान्निकनं लेख लिहिला, तो छापून आला. एका परिषदेत त्याला टाळ्या मिळाल्या. दक्षिणेकडच्या एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीनं त्याला नोकरी देऊ केली, त्यांची नवी कापणीची यंत्रं याच काचेवर करायची म्हणून. प्रबंध लिहून झाला, परीक्षकांकडे गेला, जाहीर परीक्षेची तारीख लागली. इकडे मार्लीस वाळत चालली. न्याहारीला पावाचा एक काप खाऊन डबा बंद करायची. मी खिमा खाल्ला तरी खिडकी उघडायची नाही. मला वाटलं, निवृत्ती जवळ आली म्हणून मन लागत नसेल. मी थट्टा करायचो, ती ऐकून घ्यायची. मार्लीस ऐकून घेते म्हणजे काहीतरी बिघडलंय, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

आणि यान्निक! तो आता रोज दुपारी तिच्या टेबलावर चहा आणून ठेवायचा. आधी खडीसाखर, मग चहा, मग काठानं अलगद साय, त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे. पूर्वी तो स्वतःपुरता करायचा. आता पहिला कप तिचा. तो निघून गेला की ती कपाकडे बघत बसायची. एकदा तो चहा बेसिनमध्ये ओतताना मी तिला पाहिलं. म्हटलं, "नको असेल तर सांग की त्याला." ती म्हणाली, "तू तुझं काम बघ." शनिवारी ती त्याच्यासाठी केक भाजायची आणि सोमवारी आणून द्यायची. तो म्हणायचा, "फ्राऊ हेरफुर्ट, तुम्ही माझ्यासाठी फार करता." तेव्हा तिचा चेहरा असा व्हायचा की जणू कुणी कानाखाली मारली.

आमच्याकडे प्रबंधवाल्याची परीक्षा झाली की सहकाऱ्यांनी त्याला घरी केलेली टोपी घालायची असते. काळा पुठ्ठा, वर चौकोन, आणि त्या चौकोनावर त्या माणसाच्या इथल्या वर्षांचा सगळा बाजार मांडलेला: त्याची सायकल, त्याचं जळालेलं यंत्र, त्याची मैत्रीण. आमच्या संस्थेतल्या सगळ्या टोप्या मार्लीस करायची, आणि धातूचं जे असेल ते मी. यान्निकच्या टोपीवर किटली हवी, बोट हवी आणि मध्यभागी रीळ हवं, असं त्याच्या सोबत्यांनी ठरवलं. थरथरीला हरवणारं रीळ.

ती पुठ्ठा घेऊन वर्कशॉपात आली. मी लेथवर पितळेचा तुकडा लावला. लहानसं रीळ करायचं, वर तांब्याची तार. पण मी प्रमाणाशिवाय काही करत नाही, टोपीवरचं खेळणं असलं तरी. मी विचारलं, "मोठं रीळ ना ते, नेहमीचं? माप दे, त्या हिशेबानं लहान करतो."

ती हातातला पुठ्ठा उलटसुलट करत राहिली.

"अगं, माप सांग."

"ते मोठं नव्हतं, लुट्झ," ती म्हणाली आणि खाली बसली. स्टुलावर नाही, लोखंडी कीस पडलेल्या फरशीवर बसली. मग सगळं सांगितलं. रीळ, कोट, कपाट, 'तीच'. मी लेथ बंद केलं. खरं सांगायचं तर मला आधी हसू आलं, कारण अखेर तिच्या हातून काहीतरी पडलं होतं. मग ते हसू घशातच राहिलं.

"म्हणजे त्याची काच..."

"त्याच्या काचेचं काय ते कुणालाच माहीत नाही. कुणी बघितलंच नाही." ती कीस बोटांनी गोळा करत होती. "मी पोराला खोट्यावर चढवलंय. तो नोकरीला जाईल, ते लोक यंत्रं करतील, यंत्रं थरथरतील, आणि त्याला वाटेल आपलं काहीतरी चुकलं. आयुष्यभर शोधत बसेल तो."

"मग सांग त्याला."

"आता? परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे."

"परीक्षेनंतर सांगणार आहेस?"

"मला वाटायचं, कुणीतरी झाकण उघडेल," ती म्हणाली. "रोज सकाळी वाटायचं, आज उघडेल कुणीतरी आणि मला बोलवेल. कुणी उघडलं नाही."

मी तिला उठवलं. कपाटातून ते कोटात गुंडाळलेलं रीळ काढलं. तिनं ते हातात घ्यायला नकार दिला, म्हणून मी धरलं आणि आम्ही वर गेलो. जिन्यात ती दोनदा थांबली. दुसऱ्यांदा मला म्हणाली, "तू बोल." मी म्हटलं, "माझ्या हातून नाही पडलं." हे मी जरा कडकच बोललो, पण त्याशिवाय ती चढली नसती.

यान्निक एकटाच होता, परीक्षेच्या भाषणाची चित्रं सारखी करत बसलेला. आम्हाला पाहून उठला, किटलीकडे वळला. मी कोट उलगडून रीळ टेबलावर ठेवलं. ठेचलेला काठ त्याच्या बाजूला होता.

"यान्निक, पोरा," मार्लीसनं सुरुवात केली, "तुझा धागा मोठ्या रिळावर नाहीये."

तो किटली तशीच हातात धरून उभा राहिला. "मला माहीत आहे," तो म्हणाला.

मार्लीसनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

"उन्हाळ्यात कळलं. उलटा परतणारा उजेड हिशेबापेक्षा जास्त येत होता. धागा जास्त वाकला की गाभ्यात दाटी होते, मग परतणारं वाढतं. आकडे जुळेनात, म्हणून एका रविवारी झाकण उघडलं. लहान रीळ होतं." त्यानं किटली खाली ठेवली. "मग मी झाकण परत लावलं."

"परत लावलंस? आणि प्रबंध?"

"लिहिला." तो खाली बघून बोलत होता. "कुणाला सांगणार होतो? सांगितलं असतं तर तुमचं नाव आलं असतं. तुम्ही माझ्यासाठी केलंत ते, मला कळत नाही का? तीन वर्षं काही जमलं नव्हतं. शेवटचा धागा होता. तुम्ही एवढ्या वर्षांची नोकरी माझ्यासाठी पणाला लावलीत, आणि मी जाऊन तुम्हाला पकडून देऊ? मी रोज विचार करायचो, यांचं ऋण फेडायचं कसं. मला दुसरं काही येत नाही, म्हणून चहा..."

मार्लीसनं टेबलाची कड धरली. मी तिला सगळ्या तऱ्हांनी पाहिलंय, कारखान्यातून माणसं जात होती तेव्हाही, नवरा गेला तेव्हाही. पण त्या क्षणी तिचं तोंड मला बघवेना.

"तुझ्यासाठी नाही केलं मी," ती म्हणाली. "रीळ पडलं माझ्या हातून. हे बघ. पडलं, आणि सांगायची लाज वाटली. एवढंच आहे. तुझा विचारसुद्धा माझ्या मनात नव्हता."

यान्निकनं रीळ उचललं, ठेचलेल्या काठावरून अंगठा फिरवला. "पडलं?" त्यानं विचारलं. "नुसतं पडलं?"

"नुसतं पडलं."

मला वाटलं, आता हा ओरडेल. त्यानं ओरडावं म्हणून मार्लीस वाट बघत होती, हे स्पष्ट दिसत होतं. त्यानं रीळ खाली ठेवलं, जाकीट घातलं आणि म्हणाला, "चला, प्रोफेसरांकडे."

प्रोफेसरांच्या खोलीत यान्निकच आधी बोलला. "गुंडाळणीत चूक झाली होती. लहान रीळ वापरलं गेलं. जबाबदारी माझी, मी तपासायला हवं होतं."

"खोटं बोलतोय," मार्लीस म्हणाली. "तुम्ही मला विचारलं होतं आणि मी 'तीच' म्हणाले होते. मोठं रीळ माझ्या हातून पडलं होतं."

प्रोफेसर एकदा तिच्याकडे, एकदा माझ्या हातातल्या रिळाकडे बघत राहिले. "पडलं म्हणून सांगितलं नाहीत? फ्राऊ हेरफुर्ट, रीळ पडतंच. मी स्वतः दोन पाडलीत. विचारा लुट्झना, त्यांनीच नीट करून दिली."

ते खरं होतं. दोन्ही वेळा त्यांनी मला कुणाला सांगू नका म्हटलं होतं आणि मी सांगितलं नव्हतं. मार्लीस माझ्याकडे वळली. एवढी वर्षं समोर बसून पाव खाणारा हा माणूस एकदा तरी हे बोलला असता तर, असं तिच्या डोळ्यांत सरळ लिहिलेलं होतं. मी खिडकीबाहेर बघितलं.

प्रोफेसरांनी मग यान्निकला विचारलं, "तुम्हाला हे आजच कळलं?"

पोरानं तेव्हा हो म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच निभावून गेली असती. तो म्हणाला, "नाही. उन्हाळ्यात. प्रबंध देण्याआधी." प्रोफेसरांचा चेहरा हळूहळू कठोर झाला. रिळावरून ते हसणार होते, यावर हसण्यासारखं काही नव्हतं. परीक्षा रद्द, लेख मागे घ्यायचा, मोजमाप पुन्हा करायचं, त्यानंतर प्रबंधाचं काय ते समिती ठरवील, असं त्यांनी एकेक करून सांगितलं. यान्निक मान हलवत राहिला. मार्लीस म्हणाली, "हे माझ्यामुळे झालं." प्रोफेसर म्हणाले, "रीळ तुमच्यामुळे. गप्प बसले ते हे स्वतः." त्यांना वाटलं असेल, आपण तिला धीर देतोय.

मी त्याच दिवशी रिळाचा काठ घासून सारखा केला. यान्निकनं धागा पेटीतून काढला आणि मार्लीसच्या टेबलावर ठेवला. ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाकडून करून घे." तो म्हणाला, "दुसऱ्या कुणाच्या गुंडाळणीवर माझा भरवसा नाही." हा टोमणा नव्हता, तो तसा बोलणारा पोरगा नव्हे, म्हणूनच ते तिला जास्त लागलं. तिनं गुंडाळलं. या वेळी मला आणि यान्निकला शेजारी उभं करून, माप मोठ्यानं वाचून दाखवून, झाकण लावायच्या आधी दोघांना आत डोकावायला लावून.

लेझर चालू झाला. यान्निक शक्ती एकेक पायरी चढवत होता. गोल ठिपका पडद्यावर शांत होता. मार्लीस भिंतीला पाठ लावून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. कम्युनिस्ट राजवटीत वाढलेल्या आमच्या पिढीला इथे प्रार्थना कुणी शिकवली नाही, तेव्हा ती काय म्हणत होती कोण जाणे. जुन्या काचेची हद्द आली, ठिपका ती ओलांडून गेला. यान्निकनं श्वास सोडला. आणखी दोन पायऱ्या, आणि ठिपका फुटला. इकडे झुकला, तिकडे झुकला, थरथरायला लागला.

जुन्या काचेपेक्षा ही काच बरी होती. पण थोडीच. ज्या गोष्टीवर लेख छापला, नोकरी ठरली, ती तेवढी नव्हती.

"निदान आता जे आहे ते खरं आहे," यान्निक म्हणाला आणि लेझर बंद केला. मग पलीकडच्या खोलीत जाऊन त्यानं कंपनीला फोन लावला. दार अर्धं उघडं होतं. आम्ही दोघं इकडे काहीबाही आवरत होतो, खरं तर ऐकत होतो.

"नाही, काचेत तेवढा फरक पडत नाही," तो सांगत होता. "हो. गुंडाळणी चुकली होती. नाही, नाही, इथल्या कुणाची नाही. मीच गुंडाळला होता धागा. माझ्याच हातून झालं."

मार्लीस हातातला चिमटा टाकून धावली. चिमटा खाली पडला, तिचं लक्षही नव्हतं. ती दारात पोचली तोवर तो "समजू शकतो, धन्यवाद" म्हणत फोन ठेवत होता.

"मला दे तो फोन," ती म्हणाली. "परत लाव आणि मला दे."

"कशाला, फ्राऊ हेरफुर्ट?" त्याचा आवाज दमलेला होता. "त्यांनी जागा दुसऱ्याला द्यायचं ठरवलं. तुमचं नाव सांगून ती परत मिळणार आहे का? तिथे तुम्हाला कोण ओळखतं? त्यांना ते ऐकून काय करायचंय?"

"त्यांना नसेल," ती म्हणाली, "पण तू काय सांगितलंस ते मला ऐकू आलं ना."

यान्निकनं फोन तिच्यापुढे केला. तिनं तो हातात घेतला, पण लावायचा कुणाला आणि काय सांगायचं, ते तिलाही कळेना. ती तशीच दारात उभी राहिली.